संगणकाच्या पोटांतील गणिती

रावेर येथील आमच्या केळींच्या पेढीच्या कागदपत्रांत १९९१ सालचें एक बिल अद्याप शिल्लक आहे. चोपड्या बहुतेक कसरीनें खाल्ल्या. हें बिल पत्र्याच्या डब्यांत होतें म्हणून राहिलें. एका संगणकाच्या खरेदीचें तें बिल. त्यांत '८०३८६ डीएक्स प्रोसेसर' अशी एक ओळ असून तिच्या खालीं 'मॅथ कोप्रोसेसरसह' अशी दुसरी ओळ आहे, आणि या दुसऱ्या ओळीपुढें मांडलेली रक्कम त्या काळच्या मानानें लहान नाहीं. ही वस्तु त्या यंत्रांत आहे कीं नाहीं, यावरून पेढींत वाद झाला. आमचे तरुण गुमास्ते म्हणत, "भाऊ, ती चिप यांत नाही." काका म्हणत, "बिलावर आहे ना? मग आहे." काकांच्या हातीं कागद होता व गुमास्त्यांच्या हातीं कांहींच नव्हतें, तेव्हां वादाचा निकाल काय लागला असेल हें सांगणें नको. हिशेबाला उशीर होतो तो यंत्रामुळें नव्हे, चालविणाऱ्यामुळें, असें ठरलें, आणि दोन वर्षांनीं गुमास्ते पेढी सोडून भुसावळास गेले. ज्या यंत्राचें पोट बंद आहे त्याच्या आंत कोण बसला आहे हें ओळखावयाचें कसें, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत राहिला. पुढें वाचनांत आलें कीं, हा प्रश्न एकट्या आमच्या पेढीचा नव्हता. त्याला स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि तो मोठा मौजेचा आहे.

प्रथम त्या दोन चिपांविषयीं. प्रोसेसर म्हणजे संगणकांतील मुख्य चिप. आज्ञा वाचणें व पाळणें हें तिचें काम. इंटेल कंपनीचा १९७८ सालचा ८०८६ व त्याचा १९७९ सालचा स्वस्त भाऊ ८०८८, हे दोघेहि पूर्णांकांत हुशार व अपूर्णांकांत अडाणी होते. वाघिणींत घड किती चढले हें ते तत्काळ सांगत. पण दशांश चिन्ह जेथें डावीकडे-उजवीकडे सरकतें असा गुणाकार किंवा भागाकार आला, कीं त्यांना तो जणूं बोटें मोजून करावा लागे, आणि एका भागाकारापायीं शेंकडों साध्या आज्ञा खर्ची पडत. हें काम झटक्यासरशीं उरकणारी दुसरी चिप इंटेलनें १९८० सालीं काढली. तिचें नांव ८०८७. बर्कली येथील गणिती विल्यम कॅहान यांच्या सल्ल्यानें तिची आंखणी झाली, आणि अपूर्णांक कसे मांडावे व कसे गोळाबेरीज करावे याविषयीं जे नियम त्या कामांतून निघाले, तेच थोड्या फेरफारानें १९८५ सालीं आयईईई ७५४ या नांवानें सर्व जगाचे नियम झाले. नांवाला ती सहायक. पण तिच्यांतील ट्रान्झिस्टरांची संख्या धन्याच्या चिपेहून अधिक होती!

ऑगस्ट १९८१ मध्यें आयबीएम कंपनीचा पीसी बाजारांत आला. त्यांत ८०८८ होता, आणि त्याच्या शेजारीं ८०८७ साठीं एक रिकामें सॉकेट होतें. पंगतींत न आलेल्या पाहुण्यासाठीं पाट मांडून ठेवावा, तसें. ज्याला गरज असेल त्यानें मागाहून चिप आणून तेथें बसवावी, अशी योजना. आतां पाहुणा आला कीं नाहीं हें यंत्राला कळावें कसें? आयबीएमनें यावर जो उपाय केला तो वाचून मला हंसूं आलें. मदरबोर्डावर बारीक खटक्यांची एक ओळ असे. त्यांतील दुसरा खटका मनुष्यानें हातानें फिरवावयाचा: चिप नसल्यास चालू, असल्यास बंद. यंत्र सुरू होतांना तो खटका वाचून एका आंकड्यांत नोंद करी, आणि पुढें कोणत्याहि प्रोग्रॅमनें विचारलें कीं तीच नोंद दाखवी. म्हणजे यंत्राची स्वतःविषयींची माहिती ही त्याला मनुष्यानें सांगितलेली माहिती होती. सॉकेट रिकामें ठेवून खटका फिरवला तर यंत्र खुशाल सांगे कीं, पाहुणा जेवायला बसला आहे. आमच्या काकांची श्रद्धा आणि त्या पीसीची श्रद्धा यांत मला फारसा फरक दिसत नाहीं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही श्रद्धा परवडणारी नव्हती. ८०८८ ला एक आज्ञा अशी होती कीं, सहायकाचें काम संपेपर्यंत थांब. सहायकच नसला तर त्याचें काम संपणार केव्हां? मुख्य प्रोसेसर थांबून राही तो राहीच. पडद्यावरचा मजकूर गोठे आणि वीज बंद करण्यावांचून गति नसे. म्हणून नोंदीवर न विसंबतां प्रत्यक्ष परीक्षा घेण्याची एक रीति निघाली, व ती इंटेलनें स्वतःच्या पुस्तकांतूनहि सांगितली. स्मृतींतील एका घरांत मुद्दाम एक निरर्थक आंकडा लिहून ठेवावयाचा. बहुधा ५ए५ए हा. मग सहायकाला, उत्तराची वाट न पाहतां, आज्ञा द्यावयाची कीं, पाटी पुसून नवी सुरुवात कर. त्यानंतर, पुन्हां वाट न पाहतांच, आज्ञा द्यावयाची कीं, तुझी स्थिति त्या घरांत लिही. सहायक असेल तर त्याची पाटी नुकतीच पुसलेली असल्यामुळें तो शून्य लिहितो. नसेल तर तो आंकडा तसाच राहतो, किंवा तेथें भलतेंच कांहीं दिसतें. शून्य मात्र येत नाहीं. अंधाऱ्या घराच्या दारांत उभें राहून हांक मारावी आणि 'ओ' येते कीं नाहीं तें पाहावें, इतकी ही साधी गोष्ट आहे. तिच्यांतील शहाणपण हांक मारण्यांत नसून 'ओ' साठीं दारांत खोळंबून न राहण्यांत आहे.

मुख्य प्रोसेसराची ओळख पटविणें हें याहून नाजूक काम. १९८२ सालीं ८०२८६ आला, १९८५ सालीं ८०३८६, १९८९ सालीं ८०४८६. आणि प्रत्येक धाकट्यानें थोरल्याच्या सर्व आज्ञा पाळल्या पाहिजेत असा दंडक होता, कारण तसें नसतें तर जुने प्रोग्रॅम कोणी चालवले असते? वागणूक सर्वांची सारखी, तर मग ओळखावें कशावरून? शोधकांनीं तें बारीक खोडींवरून ओळखलें. आमच्याकडे केळीच्या रोपावर जातीचें नांव लिहिलेलें येतें. पण शेतकरी जात खरी मानतो ती बाग निसवल्यावर, घड पाहून. तसेंच हें. प्रोसेसराच्या अंगांत सोळा खुणांचें एक घर असतें. त्यांतील वरच्या चार खुणा ८०८६ मध्यें कांहींहि केलें तरी एकच राहतात. ८०२८६ मध्यें, तो साध्या रीतीनें चालत असतांना, त्या शून्यच राहतात. आणि ८०३८६ मध्यें त्यांपैकीं तीन लिहूं तशा बदलतात. म्हणजे चारहि शून्य करून पाहाव्या, मग एक करून पाहाव्या, आणि काय उरलें यावरून निदान करावें. ८०३८६ मध्यें हें घर बत्तीस खुणांचें झालें. त्यांतील अठराव्या क्रमांकाची खूण ८०४८६ मध्यें बदलतां येते, ८०३८६ मध्यें येत नाहीं. आणखी एक खोड अशी कीं, जो कांटा रास कोठवर आली हें दाखवितो तोच कांटा त्या राशींत ठेव म्हटल्यावर ८०८६ हा कांटा सरकल्यानंतरची किंमत ठेवतो व ८०२८६ सरकण्यापूर्वींची. कोणत्याहि उपयुक्त कामांत हा फरक आड येत नाहीं. ओळखीच्या कामीं मात्र तोच उपयोगी पडतो.

तथापि मला सर्वांत सुंदर वाटते ती गणित-सहायकांतला भेद ओळखण्याची परीक्षा. ८०२८७ आणि ८०३८७ हे दोन सहायक एकाच यंत्रांत आलटून पालटून बसूं शकतील अशीं कांहीं ८०३८६ यंत्रें प्रारंभीं निघालीं होतीं, आणि आंत कोणता आहे हें कळणें जरूर होतें. त्यासाठीं एकास शून्यानें भागावयाचें. उत्तर अनंत. मग त्याच अनंताला ऋण चिन्ह लावावयाचें आणि विचारावयाचें: हे दोन समान कीं भिन्न? ८०८७ व ८०२८७ यांना वेगळें कांहीं सांगितलें नाहीं, तर ते धन अनंत व ऋण अनंत एकच मानतात. त्यांच्या मतें संख्यांची रेघ दोन्हीं टोकांनीं वळून एका बिंदूंत मिळते. १९८५ च्या नियमांनीं ही कल्पना टाकून दिली व दोन टोकें दोनच ठेवलीं. त्यामुळें १९८७ सालचा ८०३८७ हा त्यांना भिन्न म्हणतो. एका व्यापारी यंत्राच्या पोटांतील सुटा भाग ओळखण्यासाठीं अनंताविषयीं त्याचें मत विचारावें लागे, हें वाचून मला आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची आठवण झाली. चाळीसगांवाजवळ पाटण येथें तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापल्याची हकीकत त्यांत आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो विद्वानांपुढें आणला. भास्कराचार्यांनीं बीजगणितांत शून्यानें भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलें, व तींत कांहीं मिळवा अथवा तींतून कांहीं काढा, ती बदलत नाहीं असें सांगितलें. पाटणच्या मठांत शून्य व अनंत यांवर पाठ होत असतील. सातशें ऐंशीं वर्षांनीं तोच विषय चिपेच्या परीक्षेंतला एक प्रश्न झाला.

खोडींवरून ओळखण्याची ही विद्या चालली असतां कारखान्याच्या शिक्क्यांचाहि एक निराळा इतिहास घडत होता. १९८७ सालीं असें आढळलें कीं, ८०३८६ च्या कांहीं चिपांत बत्तीस अंकी गुणाकार कधींमधीं चुकतो. इंटेलनें साऱ्या चिपा पुन्हां तपासल्या. ज्या उतरल्या त्यांच्यावर ग्रीक सिग्मा अक्षर जोडीनें छापलें. ज्या नापास झाल्या त्या फेंकून न देतां त्यांच्यावर 'फक्त सोळा-बिट प्रोग्रॅमांसाठीं' अशा अर्थाचा शिक्का मारून विकल्या. त्या काळीं बहुतेक प्रोग्रॅम सोळा-बिटच असल्यामुळें गिऱ्हाइकाचें विशेष बिघडलें नाहीं. मालाचा दोष मालाच्याच पाठीवर छापून तो विकावा, ही गोष्ट व्यापारांत वारंवार पाहावयास मिळत नाहीं. याच्या उलट बाजूचे नमुने १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ निघाले: वेगाचा आंकडा खरवडून वर मोठा आंकडा छापलेल्या चिपा, आणि कांहीं ८०४८६ मदरबोर्डांवर तर कॅशच्या चिपा म्हणून बसवलेले नुसते प्लॅस्टिकचे ठोकळे, ज्यांच्या आंत कांहींच नव्हतें.

मार्च १९९१ मध्यें अमेरिकेंतील एका न्यायालयानें ठरविलें कीं, '३८६' हा आंकडा कोणाची व्यापारी खूण होऊं शकत नाहीं. आणि त्याच महिन्यांत एएमडी कंपनीनें आपला ३८६ बाजारांत आणला. आंकडा सर्वांचा झाल्यावर इंटेलनें आंकड्यांचा नाद सोडला, आणि १९९३ सालीं जो पुढचा प्रोसेसर आला त्याचें नांव पेंटियम ठेवलें. त्याच्याच बरोबर, व मागाहून निघालेल्या कांहीं ८०४८६ मध्येंहि, सीपीयूआयडी ही एक नवी आज्ञा आली: प्रोसेसराला विचारावें कीं, तूं कोण, आणि त्यानें बारा अक्षरांत उत्तर द्यावें. इंटेलची चिप 'जेन्युइन इंटेल' म्हणते, एएमडीची 'ऑथेंटिक एएमडी', आणि सायरिक्स कंपनीची चिप म्हणते 'सायरिक्स इन्स्टेड', म्हणजे 'त्याऐवजीं सायरिक्स'! तिघांत विनोदबुद्धि कोणाला होती हें वेगळें सांगावयास नको. सायरिक्सच्या जुन्या चिपांना ही आज्ञा ठाऊक नव्हती. त्यांच्यासाठीं त्या कंपनीनेंच एक रीति सांगितली. पांचाला दोनांनीं भागा. इतर चिपांत भागाकारानंतर खुणांच्या घरांत कांहीं अवशेष राहतात, सायरिक्समध्यें तें घर भागाकारापूर्वीं होतें तसेंच राहतें. येथेंहि नांव विचारून काम भागलें नाहीं, भागाकारच करावा लागला.

नांवांनीं केलेला सर्वांत मोठा घोळ ८०४८६ च्या घरांतला. या प्रोसेसरांत गणित-सहायक प्रथमच मुख्य चिपेच्या आंत आला आणि रिकाम्या पाटाची प्रथा बंद पडली. परंतु १९९१ सालीं इंटेलनें ४८६ एसएक्स या नांवाची स्वस्त चिप काढली, तींत गणिताचें अंग बंद केलेलें होतें. पुढें ज्याला तें हवें होईल त्यानें ४८७ एसएक्स नांवाचा 'सहायक' विकत घेऊन शेजारच्या सॉकेटांत बसवावा, अशी सोय होती. आतां हा सहायक म्हणजे काय? एका अधिक पायाचा संपूर्ण ८०४८६ डीएक्स. तो बसला कीं जुन्या धन्याला गप्प करी आणि सर्व काम स्वतः चालवी. गादीवर नांव एकाचें व कारभार दुसऱ्याचा, हा प्रकार महाराष्ट्राचा इतिहास वाचणाऱ्यास नवीन नाहीं. पण येथें धनी गादीवर बसून राही आणि वीजहि खाई.

गणित करणारें अंग चिपेच्या आंत आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्याच सुमारास पुण्यांत निराळ्या कारणानें महत्त्वाचा झाला होता. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यांत अडचणी आल्यावर १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें तयार झालेला परम ८००० हा महासंगणक १९९१ सालीं पुढें आला. तो इन्मॉस कंपनीच्या टी८०० या ट्रान्सप्युटर चिपा अनेक एकत्र जोडून केलेला होता. या टी८०० चा आधीचा भाऊ टी४१४. दोघांचे पाय सारखे, दोघे एकाच सॉकेटांत बसणारे. भेद मुख्यतः हा कीं, टी८०० च्या पोटांत अपूर्णांकांचें गणित करणारा विभाग होता व टी४१४ च्या नव्हता. हवामानाचीं व तत्सम मोठीं गणितें ज्याला करावयाचीं त्याला हा भेद म्हणजे सर्वस्व.

पुण्याचा दुसरा संबंध पेंटियमशीं. ज्यांना 'पेंटियमचे जनक' म्हणतात ते विनोद धाम यांचा जन्म १९५० सालीं पुण्यांत झाला. त्यांच्या या अपत्याची कीर्ति दिगंत झाली, आणि १९९४ सालीं त्याची एक चूकहि तितकीच गाजली. व्हर्जिनियांतील लिंचबर्ग कॉलेजांत गणित शिकविणारे टॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करीत असतां त्यांना उत्तरांत फरक दिसला. महिनेच्या महिने त्यांनीं स्वतःच्या प्रोग्रॅमावर संशय घेतला, मग इतर भागांवर, आणि सर्वांत शेवटीं प्रोसेसरावर. दोष भागाकाराच्या एका कोष्टकांत होता: पांच घरांत जे आंकडे असावयास पाहिजेत ते नव्हते. त्यामुळें ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागलें असतां १.३३३८२ यावें त्याऐवजीं १.३३३७३ येई. इंटेलनें आरंभीं गोष्ट हंसण्यावारी नेली. पण २० डिसेंबर १९९४ रोजीं मागेल त्याला चिप बदलून देण्याचें मान्य करावें लागलें, आणि या प्रकरणापोटीं ४७ कोटि ५० लाख डॉलर खर्ची टाकावे लागले. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या सदोष चिपेला नांव विचारलें असतां ती 'जेन्युइन इंटेल' असें अगदीं खरें उत्तर देत होती. ज्याला तिचें खरें रूप जाणावयाचें त्याला वरील भागाकार करूनच पाहावा लागे. आणि त्या हिंवाळ्यांत जगभर लोक तो करून पाहात होते.

आतां आमच्या पेढीचें राहिलें. २०१६ सालीं घराचा माळा रिकामा करतांना तो संगणक खालीं काढला. काका तोंवर वारले होते. वीज लावल्यावर, पडद्यावर एक चौकट उमटली, आणि तींत इतर ओळींबरोबर एक ओळ अशी होती: 'न्यूमेरिक प्रोसेसर: नन'. हें यंत्र १९८१ च्या पीसीसारखें खटक्यावर विसंबणारें नव्हतें. तें स्वतः हांक मारून पाहात होतें, आणि जें आढळलें तें रोज सकाळीं कांहीं क्षण इंग्रजींत सांगत होतें. गुमास्ते तें वाचत होते. मग मीं फ्लॉपीवरून एक लहानसा प्रोग्रॅम चालवून ती वर सांगितलेली परीक्षा घेतली. शून्य आलें नाहीं. अनंताविषयीं मत विचारण्याची वेळच आली नाहीं. मत देणारा घरीं नव्हता. शेवटीं चार स्क्रू काढून झांकण उघडलें. मुख्य चिपेवर '३८६ डीएक्स' ही अक्षरें स्पष्ट होतीं, तेवढी बिलाची पहिली ओळ खरी. ही अक्षरें पाहिल्यावांचून इलाज नव्हता, कारण खुणांच्या परीक्षेंत डीएक्स आणि त्याचा अर्ध्या रुंदीच्या वाटेचा स्वस्त भाऊ एसएक्स हे दोघेहि ३८६ म्हणूनच उतरतात. शेजारीं कोप्रोसेसरचें सॉकेट होतें, त्याच्या भोंकांत पंचवीस वर्षांची धूळ. कोणतीहि चिप तेथें कधीं बसली असेल असें त्याचें रूप नव्हतें. विकणारा कोण, हें लिहिण्यांत आतां अर्थ नाहीं. मौज एवढीच कीं, आमचे हिशेब म्हणजे बहुतांशीं बेरजा-वजाबाक्या. त्यांत गणित-सहायक असून नसून सारखाच. जी वस्तु आम्हांला लागत नव्हती ती त्यानें आम्हांला विकली, आणि तीहि दिली नाहीं. हिशेबाला होणारा उशीर, जो गुमास्त्यांच्या माथीं मारला गेला, त्याचें कारण पुष्कळसें प्रोग्रॅमांत व थोडें जुन्या डिस्कांत असावें.

त्याच महिन्यांत मी भुसावळास गेलों. गुमास्त्यांचे केस आतां पांढरे झाले आहेत. मीं त्यांना त्या सॉकेटाचें छायाचित्र दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें बराच वेळ पाहिलें, परत दिलें, आणि विचारलें, "मशीन अजून सुरू होतं?" होतें, असें मीं सांगितलें. "मग ती ओळ तुम्हीही वाचली असेल," एवढें बोलून ते चहा सांगावयास आंत गेले.